घरची सेप्टिक टाकी: जागा निवडण्यापासून उपशापर्यंत

गावाकडे किंवा शहराच्या कडेला घर बांधायला काढलं की कुणीतरी अभिमानाने सांगतंच, ‘‘आमची टाकी बांधून वीस-पंचवीस वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही.’’ मग गवंडीही तशीच टाकी सुचवतो: खोल, ऐसपैस आणि तळाला काँक्रीट न केलेली. खर्च कमी, पुढची कटकट नाही. पण कधीच न भरणारी टाकी म्हणजे जमिनीत सोडून दिलेला मैला. आसपास विहीर किंवा बोअर असेल, तर तो कुणाच्या तरी हंड्यात परत येतो. टाकी भरली पाहिजे, ठरावीक काळाने उपसली पाहिजे आणि उपसलेला मैला योग्य ठिकाणी गेला पाहिजे. पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांनी आणि जुनं घर विकत घेणाऱ्यांनी यासाठी काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

टाकीचं काम साधं आहे. संडासातून आलेल्या पाण्यातला जड भाग तळाशी बसतो, हलका आणि तेलकट भाग वर तरंगून थर धरतो आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पलीकडच्या नळीतून बाहेर पडतं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात, त्यामुळे तो कमी होतो, पण संपत नाही. बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात रोगजंतू असतातच. म्हणून ते गटारात किंवा रस्त्याकडेच्या चरात सोडायचं नाही, शोषखड्ड्यात मुरवायचं. टाकी आणि शोषखड्डा ही जोडी आहे. नुसती टाकी बांधून तिचं तोंड नाल्यात काढलं, तर निम्मं काम राहिलं.

आधी कागद

महाराष्ट्रात एका कुटुंबाच्या सेप्टिक टाकीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेगळी संमती लागत नाही. तिची नोंद होते ती घराच्या बांधकाम परवानगीत. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तुमच्या आर्किटेक्टला किंवा इंजिनिअरला टाकी आणि शोषखड्डा नकाशात मापांसकट दाखवायला सांगा. पुष्कळ नकाशांत टाकीच्या जागी नुसता एक चौकोन असतो आणि प्रत्यक्षात ती गवंड्याला सोयीची वाटेल तिथे होते. तसं होऊ देऊ नका. जागा बदललीच, तर पूर्णत्वाच्या नकाशात ती बदलून घ्या.

नगरपालिकेची माणसं टाक्यांचं सर्वेक्षण करायला आली, तर त्यांना नीट माहिती द्या. टाकी कुठे आहे, केवढी आहे, झाकण उघडतं का, मैला नळीने ओढून नेणारी गाडी दारापर्यंत येते का, एवढंच ते विचारतात. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने याच माहितीवर शहरातली प्रत्येक टाकी ३ वर्षांतून एकदा उपसायचं वेळापत्रक लावलं. टाकी तुंबल्यावर फोन करायचा नाही, पाळी आली की गाडी दाराशी येते. उपशाचा खर्च करातून जातो आणि मैला दोन्ही गावांच्या स्वतःच्या प्रक्रिया केंद्रात जातो. तुमच्या गावात असं काही आहे का, हे आरोग्य विभागात जाऊन विचारा. नसेल तर मागणी करण्यासारखी गोष्ट आहे.

सगळ्यात उपयोगी कागद मात्र तुम्हीच करायचा आहे. टाकी बुजण्याआधी तिचे फोटो काढा. घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकीच्या झाकणापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि वहीत छोटा नकाशा काढून ठेवा. आतली लांबी, रुंदी, खोली लिहा. नळ्या कोणत्या बाजूने येतात-जातात ते लिहा. पुढे प्रत्येक उपशाची तारीख त्याच पानावर टाका आणि पावती तिथेच चिकटवा. जुनं घर विकत घेताना हीच माहिती विकणाऱ्याकडे मागा आणि झाकण उघडून टाकी प्रत्यक्ष दाखवायला सांगा. ‘‘कुठेतरी परसात आहे’’ या उत्तरावर व्यवहार करू नका.

जमीन आणि विहीर

भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर लांब हवा. यात शेजाऱ्याची विहीरही मोजा. तुमच्या कुंपणाच्या आत १८ मीटर भरले, पण कुंपणापलीकडे चार पावलांवर शेजाऱ्याचा आड असेल, तर त्या मापाला अर्थ नाही. शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला असावा, चढाच्या बाजूला कधीच नको.

पण नुसत्या अंतरावर भागत नाही, जमीन बघावी लागते. देशावर काळी माती असेल तर ती पाणी फार हळू पिते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि विटांच्या टाकीच्या भिंतींना तडे पाडते. अशा जागी टाकीचं काम भक्कम हवं आणि शोषखड्डा मातीच्या थराखालच्या मुरमापर्यंत न्यायला हवा. मुरूम लागला तर नशीब समजा, तो पाणी छान पितो. खाली सलग काळा कातळ असेल, तर शोषखड्ड्यातलं पाणी जिरणार नाही, आडवं पसरेल. तिथे उथळ चर खणून त्यात खडी भरून पाणी पसरवून मुरवावं लागतं.

कोकणात उलट अडचण. जांभा सच्छिद्र असतो, फटीफटीतून पाणी झपाट्याने वाहून जातं. शोषखड्डा कधी तुंबत नाही म्हणून लोक खूश असतात, पण ते पाणी गाळलं न जाता थेट खालच्या वाडीतल्या विहिरीत उतरू शकतं. जांभ्यात १८ मीटर हे कमीत कमी माप धरा आणि जमेल तेवढं लांब जा. पावसाळ्यात भूजल वर चढून जमिनीच्या हातभर खाली येत असेल, तर खोल शोषखड्डा करूच नका.

पाणी जिरतं का ते बघायची घरगुती रीत अशी. शोषखड्ड्याच्या जागी हवा तेवढा खोल लहानसा खड्डा खणा, आदल्या दिवशी पाणी भरून माती भिजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी ओता आणि पट्टी उभी करून पाणी एक सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. अर्ध्या तासात एक सेंटिमीटरही उतरलं नाही, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा आणि इंजिनिअरशी वेगळ्या उपायाबद्दल बोला.

खेडेगावात लहान कुटुंब असेल, तर टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचा संडास हा बहुतेक वेळा जास्त चांगला पर्याय. ग्रामीण स्वच्छ भारत मिशनचं १२,००० रुपयांचं प्रोत्साहन अनुदान पात्र कुटुंबांना यासाठी मिळतं. मीटरभर रुंद आणि तेवढेच खोल, जाळीदार विटांचे दोन खड्डे असतात आणि मधल्या चेंबरमधून एका वेळी एकच चालू ठेवायचा. एक भरला की त्याचं तोंड बंद करून दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षं झाकून ठेवलेल्या पहिल्या खड्ड्यात कोरडं, बिनवासाचं खत मिळतं. याचाही तळ उघडाच असतो, मग तळ नसलेल्या टाकीला मी विरोध का करतो? हे खड्डे उथळ असतात, त्यांत फक्त संडासचं मोजकं पाणी जातं आणि खाली गाळायला माती शिल्लक राहते. आठ-दहा फूट खोल बिनतळाची टाकी पावसाळ्यात थेट भूजलातच बसते. विहिरीपासून अंतर मात्र दोन्हीकडे पाळायचं.

माप: मोठी म्हणजे चांगली नव्हे

चौघांच्या घराला १० बाय ६ बाय ८ फुटांची टाकी बांधलेली सर्रास दिसते. म्हणजे तेरा हजार लिटरहून जास्त. खर्च तर वाया जातोच, शिवाय ती उपसायला गाडीच्या तीन-चार खेपा लागतात, म्हणून मालक उपसा टाळत राहतो. मानकाप्रमाणे ५ माणसांना दर २ वर्षांनी उपसायची टाकी आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.०५ मीटर एवढी पुरते. १० माणसांना २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि पाणी १.४ मीटर. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची. पाणी २,००० लिटरच्या वर गेलं की मध्ये भिंत घालून दोन कप्पे करायचे, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. पाहुण्यांची वर्दळ असेल किंवा पुढे वरचा मजला चढवायचा असेल, तर १० माणसांचं माप धरा.

बांधकामावर स्वतः उभं राहून चार गोष्टी बघा. तळाला काँक्रीट आणि आतून चारही बाजूंना पाणी न गळणारा गिलावा. आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही नळ्यांना ‘टी’, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, जी पाण्यात साधारण फूटभर बुडेल. ती नसली की वरचा थर सरळ शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा तुंबतो. बाहेर जाणारी नळी आत येणारीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली. आणि हवेचा पाइप: टाकी घराच्या १५ मीटरच्या आत असेल तर छपराच्या वर २ मीटर जाणारा, तोंडाला जाळी बांधलेला. आरोग्यसेवक दरवर्षी या जाळीबद्दल सांगून जातात, कारण टाकीत डास अंडी घालतात आणि त्याच पाइपातून वर येतात. नायलॉनच्या जाळीचा तुकडा तारेने आवळून बांधला तरी चालतो, पण दर वर्षी बदला.

झाकणं उचलता येतील अशी ठेवा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतो, कारण पार्किंगच्या फरश्या बसवताना झाकणं फरशीखाली गाडली जातात आणि मग पहिल्या उपशाला ब्रेकर आणावा लागतो.

गिलावा सुकल्यावर टाकी बाहेरच्या नळीपर्यंत पाण्याने भरा. एक दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्या, पुन्हा भरून खडूने रेघ मारा आणि २४ तासांनी बघा. पाणी रेघेच्या चांगलंच खाली गेलं असेल, तर गवंड्याचा शेवटचा हप्ता थांबवा आणि गळती काढून घ्या. माती लोटल्यावर ती कुणी काढत नाही.

सुरुवात आणि रोजचा वापर

वापर सुरू करताना टाकी पाण्याने भरलेली हवी, रिकामी नको. चालू टाकीतला थोडा गाळ मिळाला तर उत्तम, नाहीतर मुरलेलं शेण पाण्यात कालवून ओतावं. ही गावठी समजूत नाही, मानकातच तसं लिहिलं आहे. त्यानंतर मात्र काहीही घालायची गरज नसते. ‘टाकी कधीच भरणार नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर पैसे घालवू नका. जिवाणू आपल्या पोटातूनच रोज भरपूर जातात.

त्यांना मारायचं नाही, एवढंच आपलं काम. फरशी चकचकीत करणारं ॲसिड, फिनाइलच्या बाटल्याच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडरचे डबे संडासात ओतू नका. भांडं घासायला ब्रश आणि थोडा साबण पुरतो. सॅनिटरी पॅड, डायपर, केस, गोळ्यांची पाकिटं, उरलेलं तेल, यातलं काहीही टाकीत सहजासहजी कुजत नाही. घरात लहान मुलं आणि पाहुणे असतात, त्यामुळे संडासात झाकणाचा डबा ठेवणं हाच त्यावरचा खरा उपाय.

न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी टाकीत सोडू नका. त्याने टाकीतलं पाणी घाईने बाहेर ढकललं जातं आणि गाळ बसायला वेळच मिळत नाही. ते पाणी परसातल्या केळी-अळूला द्या, आपल्याकडे पूर्वापार तसंच होतं. गच्चीवरचं पावसाचं पाणी तर चुकूनही टाकीला जोडू नका.

वर्षातून एकदा गाळ मोजणे

होळी ते गुढीपाडवा हे दिवस यासाठी चांगले. जमीन कोरडी असते आणि उपसायची वेळ आली तर पावसाआधी हातात दोन-अडीच महिने असतात.

झाकण बाजूला सरकवा आणि निदान अर्धा तास उघडं ठेवून लांब थांबा. मुलं, जनावरं जवळ नकोत. विडी, काडी, दिवा तर नाहीच. आत मिथेन असतो. कंदील सोडून हवा तपासायची जुनी पद्धत जिवावर बेतू शकते. मग एक लांब बांबू घ्या, त्याच्या खालच्या टोकाकडून वर कमरेएवढ्या उंचीपर्यंत जुन्या पांढऱ्या टॉवेलची पट्टी घट्ट गुंडाळा. तोंडावर ओणवं न होता, बाजूला उभं राहून बांबू हळूहळू तळाला टेकवा. दोन-तीन मिनिटं तसाच धरा आणि सरळ वर काढा. टॉवेलच्या खालच्या भागात काळा, चिकट, कण लागलेला पट्टा दिसेल आणि त्याच्या वर नुसता मळकट ओलेपणा. काळ्या पट्ट्याची उंची म्हणजे गाळ. ती पाण्याच्या एकूण खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला आली की गाडी बोलवायची. १.०५ मीटरच्या टाकीत हा आकडा ३५ सेंटिमीटर होतो. टॉवेल जाळून किंवा पुरून टाका, बांबू ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन फक्त याच कामासाठी ठेवा, हात साबणाने धुवा. आकडा वहीत लिहा. दोन-तीन वर्षांचे आकडे झाले की तुमच्या घराची टाकी किती वेगाने भरते हे नेमकं कळतं.

उपसा: माणूस आत उतरणार नाही

उपसा फक्त गाडीने. २०१३ च्या हाताने मैला उचलणाऱ्या सेवकांच्या नियुक्तीस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे आणि ती घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने गटारात किंवा टाकीत मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला २०१४ मध्ये १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत एका गृहनिर्माण सोसायटीच्या टाकीत तीन मजुरांचा जीव गेला, तेव्हा त्यांच्या पत्नींना न्यायासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं.

कायदा बाजूला ठेवला तरी आत काय असतं ते समजून घ्या. टाकीत प्राणवायू जवळजवळ नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. ‘‘आता वास येत नाही, उतरतो’’ म्हणणारा माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो. तो कोसळला की त्याला काढायला भाऊ किंवा सोबती उतरतो, आणि तोही राहतो. चुकून कुणी आत पडलंच तर कुणीही मागे उतरू नका. ११२ आणि १०८ ला फोन करा, वरून दोर टाका. ‘‘साहेब, पाचशे जास्त द्या, आत उतरून साफ करून देतो’’ असं कुणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. ते पाचशे रुपये त्याच्या घरच्यांना फार महाग पडू शकतात.

गाडी ठरवताना तीन प्रश्न विचारा. नळी किती लांब आहे, एका खेपेत किती लिटर जातात आणि मैला कुठे टाकता? तिसऱ्याचं उत्तर ‘‘बघू, गावाबाहेर’’ असं आलं, तर दुसरी गाडी बघा. ओढ्यात किंवा कुणाच्या शेतात रिकामी होणारी गाडी म्हणजे तुमचाच मैला दुसऱ्याच्या दारात. आधी नगरपालिकेच्या गाडीची चौकशी करा. अनेक शहरांत १४४२० या हेल्पलाइनवरही नोंद करता येते. खाजगी गाडी असेल तर तिला पालिकेची परवानगी आहे का ते विचारा आणि पावती घ्याच.

उपसा चालू असताना तिथे थांबा. तळाशी थोडा गाळ राहू द्या, त्यातलेच जिवाणू पुढचं काम सुरू करतात. टाकी घासून, जंतुनाशक टाकून स्वच्छ करू नका. नळ्यांच्या ‘टी’ जागेवर आहेत का, भिंतींना तडा आहे का, हे वरूनच टॉर्चने बघून घ्या. मग लगेच टाकीत पाणी सोडा. फायबरची किंवा प्लास्टिकची टाकी रिकामी ठेवली, तर पावसाळ्यात खालचं पाणी तिला जमिनीबाहेर उचलू शकतं.

बिघाडाच्या खुणा

संडासचं पाणी हळू उतरायला लागलं, शोषखड्ड्यावरची जमीन उन्हाळ्यातही ओली दिसली, त्याच पट्ट्यात गवत विचित्र हिरवंगार झालं किंवा चेंबरमधून वास यायला लागला, की आधी गाळ मोजा. गाळ कमी असून पाणी अडत असेल, तर दोष शोषखड्ड्यात आहे. टाकी उपसून तो सुटणार नाही. बहुतेक वेळा जवळच दुसरा शोषखड्डा घेऊन पहिल्याला विश्रांती द्यावी लागते.

परसातल्या विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या. गावात पिण्याच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा जलसुरक्षक असतो, त्याच्याकडून किंवा तालुक्याच्या प्रयोगशाळेतून तपासणी होते. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीला मिळालेलं कार्ड हिरवं (सुरक्षित) आहे, पिवळं की लाल (धोक्याचं), हेही विचारा. पाण्यात मैल्याचे जंतू सापडले, तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं हा तेवढ्यापुरता उपाय आहे. दूषित पाणी कुठून येतं ते शोधायला आधी आपल्या आणि मग शेजारच्या टाकीचं झाकण उघडावं लागेल.

पुढेमागे गल्लीत भुयारी गटार आलं, तर जोडणी लवकर घ्या. संडासची नळी थेट चेंबरला जोडा, जुनी टाकी गाडीने पूर्ण उपसा, तळाला भोकं पाडून घ्या (तीही वरूनच, पहारीने) आणि मुरूम किंवा वाळू भरून बुजवा. रिकामी टाकी तशीच सोडली की काही वर्षांनी झाकण खचतं. वहीत बुजवल्याची तारीख लिहा आणि ती वही घराच्या कागदपत्रांत ठेवा.